बोट उचललं की संपलं : जेफ रॅस्किन आणि ड्रॅग अँड ड्रॉप

आयकॉनवर माऊसचं बटण दाबून धरायचं, तसंच ओढत न्यायचं आणि हव्या त्या फोल्डरवर सोडून द्यायचं. ड्रॅग अँड ड्रॉप समजावायला एवढं एक वाक्य पुरतं. पण हेच स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये घालायला बसलात, की कळतं की या एका वाक्यात तीन घटना आहेत आणि त्यातली मधली सगळ्यात अवघड आहे. दाबणं सोपं, सोडणंही सोपं. बटण दाबलेलं असताना मात्र संगणक एका वेगळ्याच अवस्थेत असतो आणि ती अवस्था माणसाने बोटाच्या जोरावर तोलून धरलेली असते.

या अवस्थेवर आयुष्यभर विचार केलेला एक माणूस म्हणजे जेफ रॅस्किन. मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणारे म्हणून त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांना जाऊन वीस वर्षं उलटली. मॅकिंटॉशची गोष्ट बऱ्याच जणांनी सांगितली आहे. मला सांगायचं आहे ते त्यांच्या या दाबून धरण्याबद्दल.

मी श्रीवर्धनला राहतो आणि पायथॉनमध्ये गावातल्या लोकांना लागणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट लिहितो. कोणाची दुकानाची वही, कोणाची वाचनालयाची यादी, असलं काम. रॅस्किन यांच्याकडे मी वळलो तो अशाच एका कामामुळे, आणि त्या कामाला कारण होतं वादळ.

झोपलेल्या वाड्या आणि चुकलेले फोटो

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरुड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी झोपल्या. पोफळ उंच आणि सडपातळ, वाऱ्यात ती मधूनच मोडते. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ती आमच्या इथली. नवं रोप लावलं तर सुपारी हाताला लागायला पाच-सहा वर्षं तरी जातात. म्हणजे वादळाने एका वर्षाचं पीक नेलं असं नव्हतं, पुढची काही वर्षंही नेली.

लोकांनी मोबाइलवर फोटो काढले होते. पुढे ज्यांना अर्जासोबत पुरावा जोडायचा होता, त्यांच्यासाठी गावातल्या काही मंडळींनी हे फोटो एका लॅपटॉपवर गोळा केले. फोटो आले व्हॉट्सॲपवरून, आणि इथेच गोची झाली. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना मूळ फाईलचं नाव बदलतं आणि फोटोत दडलेली जागेची माहितीही काढून टाकतं. हाती उरतात तारीख आणि क्रमांक असलेली हजारभर सारखीच नावं. मोडलेली पोफळ सगळीकडे सारखीच दिसते. कुठला फोटो कोणाच्या वाडीचा, हे कुठल्याही प्रोग्रामला सांगता येणार नव्हतं.

सांगता येत होतं एका निवृत्त शिक्षिकेला. गावात सगळे त्यांना बाई म्हणतात. मागे दिसणाऱ्या विहिरीच्या कठड्यावरून, गडग्यावरून, पडवीच्या कौलांवरून त्या वाडी ओळखायच्या. निम्म्या वाड्यांतली मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली.

तेव्हा वापरात होता एक तयार, मोफत मिळालेला प्रोग्राम. त्यात आधी अल्बम निवडायचा आणि मग एकेका फोटोवर टिचकी मारायची, की फोटो त्या अल्बमात जातो. दुसरा अल्बम निवडेपर्यंत सगळं पहिल्यातच जात राहतं. काम वेगाने होतं, यात वाद नाही. पण मध्येच दारात कोणी आलं, बाई उठल्या, चहा झाला, परत बसल्या; डोळे नव्या फोटोवर, अल्बम मात्र जुनाच. एका घरच्या मोडलेल्या पोफळी दुसऱ्या घरच्या खात्यात. अर्ज जायच्या आधी हे लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर तपासणीत दोन्ही घरांच्या कागदांवर शंका आली असती.

हा गोंधळ नेमका कशामुळे होतो, हे रॅस्किन यांनी फार नीट सांगून ठेवलं आहे. त्याकडे येतोच, आधी माणूस बघू.

गणित, संगीत आणि गरम हवेचा फुगा

जेफ रॅस्किन यांचा जन्म ९ मार्च १९४३ चा, न्यूयॉर्क शहरातला. स्टोनी ब्रूकच्या विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकले, जोडीला तत्त्वज्ञान आणि संगीत. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता संगणकावरच्या चित्रांची एक प्रणाली, आणि तिचं नाव क्विक-ड्रॉ. पुढे मॅकिंटॉशच्या पडद्यावर चित्रं काढणाऱ्या भागाचंही नाव क्विकड्रॉच पडलं.

तिथून ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत गेले ते संगीत शिकायला, आणि झाले दृश्यकला विभागात शिक्षक. कला, छायाचित्रण आणि संगणक असं तिन्ही शिकवायचे. काळ होता पंच कार्डांचा. विद्यार्थ्याने कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालासाठी ताटकळायचं. रॅस्किन यांनी अनुदान मिळवून कला आणि मानव्यविद्येच्या मुलांसाठी छोटा नोव्हा संगणक आणि पडदे असलेली टर्मिनलं आणली. संगणकाचं शिक्षण न घेतलेल्या माणसाला यंत्रापुढे बसवून काय होतं ते बघायचं, ही सवय त्यांना इथे लागली असावी, असं मला वाटतं. आपल्याकडे आजही संगणक प्रयोगशाळा म्हटली की ती विज्ञान शाखेची असं गृहीत धरतात. १९७० च्या आसपास हा माणूस चित्रकलेच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवत होता.

नोकरी सोडताना त्यांनी गरम हवेच्या फुग्यात बसून कुलगुरूंच्या घरावरून फेरी मारत राजीनामा जाहीर केला, अशी गोष्ट सांगतात. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत एका छोट्या ऑपेरा संस्थेचं संगीत संचालन केलं, हार्पसिकॉर्ड शिकवलं, खेळण्यातली विमानं बनवली. आणि मॅन्युअल लिहिली. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. ॲपल कंपनी अजून गॅरेजमधून नुकतीच बाहेर पडत होती तेव्हा ॲपल टूच्या बेसिक भाषेचं मॅन्युअल रॅस्किन यांच्या छोट्या कंपनीने लिहिलं. जानेवारी १९७८ मध्ये ते ॲपलमध्ये आले, ते मॅन्युअल लिहिणाऱ्या विभागाचे प्रमुख म्हणून. कर्मचारी क्रमांक ३१.

मॅन्युअल लिहिणाऱ्या माणसाला प्रोग्रामचे दोष सर्वात आधी दिसतात. जे समजावून सांगताना चार पानं लागतात, ते मुळात चुकीचं बांधलेलं असतं. आमच्या क्षेत्रात या कामाला कमी लेखतात, पण इंटरफेस सुधारण्याची अर्धी अक्कल तिथूनच येते.

मोड म्हणजे काय

आता त्या अल्बमवाल्या गोंधळाकडे. रॅस्किन ज्याच्या मागे लागले होते त्या शब्दाचं नाव मोड. एकच कृती केली, पण यंत्र कुठल्या अवस्थेत आहे त्यावरून परिणाम बदलला, आणि त्या अवस्थेकडे तुमचं लक्ष नव्हतं, तर तो मोड.

मराठीत टाईप करणाऱ्यांना याचं उदाहरण शोधायला नको. भाषा बदलायची कळ दाबलेली आहे असं समजून नमस्कार टाईप करता आणि मान वर केली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. बोटांनी बरोबर काम केलेलं असतं, यंत्र मात्र दुसऱ्या अवस्थेत होतं. कोपऱ्यात भाषेचं चिन्ह दिसत असतं, पण आपण तिकडे बघत नसतो. रॅस्किन यांचा मुद्दा हाच की माणसाचं लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी असतं, आणि कामात गुंतलेल्या माणसाचं लक्ष त्या चिन्हावर नसणार. चिन्ह मोठं करून, लाल करून फार फरक पडत नाही.

पण कॅप्स लॉकने गफलत होते तशी शिफ्टने का होत नाही? दोन्ही कळा मोठी अक्षरंच देतात. फरक एवढाच की शिफ्ट दाबून धरावी लागते. धरलेल्या बोटाला स्वतःलाच आठवण असते. सोडलं की अवस्था संपली. अशा धरून ठेवलेल्या अवस्थेला रॅस्किन यांनी पुढे क्वासिमोड असं नाव दिलं. आपण अर्धा मोड म्हणू. यामागे निव्वळ तर्क नव्हता. १९९२ मध्ये सेलेन, कुर्टेनबाख आणि बक्स्टन यांनी प्रयोग करून दाखवलं होतं की पायाने पेडल दाबून धरायला लावलं तर लोक अवस्थेबाबतीत कमी चुकतात. पडद्यावरच्या खुणेपेक्षा स्नायूंवरचा ताण चांगली आठवण देतो. शिवणयंत्रावर बसलेल्या कोणालाही विचारा.

ड्रॅग म्हणजे नेमका हा अर्धा मोड. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत, म्हणजे पार्कमध्ये, माऊस आणि आयकॉनची दुनिया घडत होती. तिथूनच आलेल्या १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकावर आयकॉन हलवायची रीत अशी होती : आयकॉन निवडा, कीबोर्डवरची मूव्ह कळ दाबा, मग जिथे न्यायचा तिथे टिचकी मारा. मधल्या वेळात यंत्र वाट बघत असतं आणि माणूस विसरू शकतो. त्याऐवजी दाबा, ओढा, सोडा ही पद्धत ॲपलमध्ये आग्रहाने मांडल्याचं श्रेय रॅस्किन यांना दिलं जातं. बटण एकच असावं याही मताचे ते होते. तीन बटणांचा माऊस नवख्या माणसाला गोंधळात टाकतो हे त्यांनी पार्कमध्ये पाहिलं होतं.

श्रेयाबद्दल इथेच सांगून टाकतो. ओढण्याची कल्पना एकट्या रॅस्किन यांची म्हणता येणार नाही. आयव्हन सदरलंड यांच्या १९६३ च्या स्केचपॅडमध्ये प्रकाशाच्या पेनाने रेघा ओढता येत होत्या. पार्कमध्येच लॅरी टेस्लर मोडच्या विरोधात तितकेच हट्टी होते, मजकुरावरून माऊस ओढून निवड करणं त्यांच्या कामात होतं. आणि लिसा व मॅकिंटॉशवर प्रत्यक्ष कोड लिहिलं ते बिल ॲटकिन्सन यांनी. ते सॅन डिएगोत रॅस्किन यांच्याच हाताखालचे विद्यार्थी होते, आणि त्यांना ॲपलमध्ये आणण्यातही रॅस्किन यांचा हात होता. रॅस्किन स्वतः या श्रेयाबाबत बरेच हळवे होते, पुढे लेख लिहून इतिहासकारांच्या चुका काढत बसत. मला त्यात फारसा रस नाही. ही पद्धत का चांगली, याचं कारण सर्वात स्पष्ट त्यांनी मांडलं, एवढं माझ्या कामाला पुरतं.

स्क्रिप्टमध्ये हे कसं बसतं

बाईंसाठी मी टिकिंटरमध्ये एक खिडकी केली. टिकिंटर पायथॉनबरोबरच येतं. त्याच्या पोटात आहे टीके, म्हणजे जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी बर्कलीत टीसीएल या स्क्रिप्ट भाषेसाठी सुरू केलेलं खिडक्या-बटणांचं साहित्य. डावीकडे फोटो, उजवीकडे वाडीमालकांची नावं. फोटो धरून नावावर सोडायचा. मधल्या वेळात कुठलाही अल्बम निवडलेला राहत नाही, कारण निवडायला अल्बमच नाही.

टीकेमध्ये ड्रॅग नावाची तयार घटना नाही. आपल्याला तीन घटना बांधाव्या लागतात : बटन दाबलं, दाबलेलं असताना माऊस हलला, बटन सुटलं. दाबल्यावर फक्त जागा लक्षात ठेवायची, दुसरं काही करायचं नाही. हलल्यावर आधी अंतर मोजायचं. हात थोडा थरथरतोच, म्हणून चार-पाच पिक्सेल सरकेपर्यंत ती टिचकीच समजायची. विंडोजमध्ये हे अंतर मुळात ४ पिक्सेलचं असतं, क्यूटी नावाच्या दुसऱ्या साहित्यात १०. मी बाईंचा हात बघून ८ ठेवलं.

यानंतरचा भाग नवीन माणसाला हमखास अडवतो, म्हणून थोडा वेळ घेतो. बटण ज्या विजेटवर दाबलं, पुढच्या सगळ्या घटना त्याच विजेटकडे जातात, अगदी माऊस दुसऱ्याच नावावर पोचला असला तरी. सुटण्याची घटनाही पहिल्यालाच कळते. ज्या नावावर फोटो सोडला त्या नावाला काहीही कळत नाही. सुरुवातीला हे उलटं वाटतं, पण विचार केला तर हा रॅस्किन यांचाच अर्धा मोड आहे : ज्याने धरलं, त्याच्याकडेच शेवटपर्यंत जबाबदारी. असं नसतं तर माऊस खिडकीबाहेर नेऊन सोडल्यावर सुटल्याची बातमी हरवली असती आणि प्रोग्राम अजून धरलंय असं समजत राहिला असता. म्हणजे अर्धा मोड तिथेच पूर्ण मोड झाला असता.

मग खाली कोण आहे ते कसं कळणार? सुटण्याच्या घटनेत माऊसची जागा पूर्ण पडद्याच्या मापात मिळते. ती घेऊन टीकेलाच विचारायचं की या जागी कुठलं विजेट आहे. त्यासाठी विन्फो कंटेनिंग ही सोय आहे. यात एक खोच आहे. ओढताना फोटोची छोटी प्रतिमा माऊसबरोबर तरंगत ठेवली असेल, तर टीके उत्तर देतं की इथे तीच प्रतिमा आहे, कारण ती सर्वात वर असते. प्रतिमा टोकापासून जरा खाली-उजवीकडे सरकवून ठेवली की प्रश्न मिटतो. डोळ्यांनाही ते बरं, कारण खालचं नाव झाकलं जात नाही.

नावांच्या यादीसाठी तयार लिस्टबॉक्स घेतला आणि ओढण्याची सुरुवात त्याच्यावरूनच करायची असेल, तर लक्षात ठेवा की त्याला स्वतःचीही सवय असते : दाबून हलवलं की तो निवड बदलत जातो. आपल्या फंक्शनमधून ब्रेक हा शब्द परत केला की ती सवय थांबते. शिवाय टीके स्वतःहून जेपीईजी उघडत नाही, त्यासाठी पिलो लागतं. हे सगळं फुटकळ आहे, पण अर्धा दिवस यातच जातो.

एक फरक मात्र आधीच समजून घ्या. खिडकीच्या आतल्या आत ओढणं वेगळं आणि फाईल मॅनेजरमधून आपल्या खिडकीत फाईल आणून सोडणं वेगळं. दुसऱ्यात दोन प्रोग्रामना ऑपरेटिंग सिस्टीममार्फत बोलावं लागतं. पायथॉनबरोबर येणारं टिकिंटरचं डीएनडी मॉड्यूल फक्त आतल्या आत चालतं आणि त्याच्या माहितीपत्रकातच ते प्रायोगिक असल्याचं लिहिलं आहे. बाहेरून फाईल घ्यायची तर टीकेडीएनडी हा जोड लागतो. पायथॉनसाठी तो टिकिंटरडीएनडी२ या पॅकेजमधून मिळतो. बाईंना बाहेरून काही आणायचं नव्हतं. सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये होते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

माऊस न आवडणारा माणूस

मॅकिंटॉशची गोष्ट थोडक्यात. १९७९ मध्ये रॅस्किन यांनी ॲपलमध्ये एका स्वस्त, सामान्य माणसासाठीच्या संगणकाचा प्रस्ताव मांडला. आवडत्या सफरचंदाचं नाव दिलं, स्पेलिंग मात्र बदलून, कारण त्याच नावाची ध्वनियंत्रं बनवणारी कंपनी आधीच होती. बर्रेल स्मिथसारखी माणसं हेरली. १९८१ मध्ये प्रकल्पाची सूत्रं स्टीव्ह जॉब्स यांनी हातात घेतली आणि १९८२ मध्ये रॅस्किन कंपनीतून बाहेर पडले. २४ जानेवारी १९८४ ला जो मॅकिंटॉश बाजारात आला, तो त्यांच्या मूळ कल्पनेपेक्षा बराच महाग होता, २,४९५ डॉलरचा, आणि त्याला माऊस होता.

ज्यांचं नाव ड्रॅगशी जोडलं जातं, त्यांना माऊसचं फारसं कौतुक नव्हतं. कीबोर्डवरून हात उचलून माऊसकडे न्यायचा आणि परत आणायचा, यात वेळ जातो असं त्यांचं म्हणणं. लिहिणाऱ्या माणसासाठी ते खरंच आहे. बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९८७ मध्ये कॅननने त्यांच्या रचनेचा कॅनन कॅट नावाचा संगणक आणला. त्याला माऊस नव्हता, आयकॉन नव्हते, फाईलची नावंही नव्हती. स्पेसबारच्या खाली दोन लीप कळा होत्या. त्यातली एक दाबून धरायची, शोधायचा शब्द टाईप करायचा, की कर्सर तिथे उडी मारतो. कळ सोडली की शोध संपला. साधन बदललं, धरून ठेवणं तेच राहिलं.

कॅट फार चालला नाही, कॅननने तो लवकरच गुंडाळला. माझ्या मते यात नुसतं दुर्दैव नव्हतं. शब्द लिहिणाऱ्यासाठी ते यंत्र अफलातून होतं, पण मोडलेल्या पोफळीचा फोटो टाईप करून शोधता येत नाही. डोळ्यांनी ओळखायच्या आणि हाताने हलवायच्या गोष्टींसाठी माऊस लागतोच. तिथे रॅस्किन यांचं स्वतःचं जुनं उत्तर त्यांच्या नव्या उत्तरापेक्षा बरं होतं.

२००० मध्ये त्यांचं द ह्यूमेन इंटरफेस हे पुस्तक आलं. त्यात आसिमोव्हच्या रोबोटांच्या धर्तीवर एक पहिला नियम मांडला आहे : यंत्राने माणसाच्या कामाला धक्का लावू नये, आणि गप्प बसून तो लागूही देऊ नये. हे वाचल्यावर मी स्क्रिप्टची रचना ठरवली. फोटो नावावर सोडला की फाईल जागची हलत नाही. फक्त एका यादीत ओळ पडते, या फोटोचं घर हे. प्रत्येक ओळ मागे घेता येते. ओढता ओढता मन बदललं तर एस्केप दाबलं की फोटो आपल्या जागी. नावांच्या बाहेर कुठेही सोडलं तरी काहीच होत नाही. संध्याकाळी यादी छापून बाई आणि वाडीमालक ती बघणार, आणि मगच फोटोंच्या प्रती त्या त्या फोल्डरमध्ये जाणार. मूळ फोटो जिथल्या तिथे. ज्यांचं वर्षांचं उत्पन्न त्या फोटोंवर टेकलंय, त्यांच्या फायली माऊसच्या एका झटक्यावर सोडायच्या नाहीत.

बोट दुखतं तेव्हा

एवढं करूनही एक गोष्ट उरली होती, आणि ती रॅस्किन यांच्या सिद्धान्ताच्या मुळाशीच जाते. बाईंना संधिवात आहे. सकाळी बोटं आखडलेली असतात. लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर एका बोटाने दाबून दुसऱ्याने ओढणं तर तरण्या माणसालाही नीट जमत नाही. माऊस आणला, तरी पन्नासेक फोटो झाले की बोट आपोआप सैल पडायचं आणि फोटो वाटेतच सुटायचा. आठवण देणारा स्नायूंचा ताण बाईंसाठी दुखणं होता.

विंडोजमध्ये यावर क्लिकलॉक नावाची सोय आहे. बटण क्षणभर दाबून धरलं की ते दाबलेलंच राहतं, मग बोट उचलून आरामात ओढा, पुन्हा टिचकी मारली की सुटतं. सोय चांगली आहे, पण बघा काय झालं : शिफ्टचं परत कॅप्स लॉक झालं. चहाला उठलं तर फोटो माऊसला चिकटलेलाच.

म्हणून दुसरी वाट केली. फोटोवर टिचकी मारली की तो उचलला जातो आणि माऊसबरोबर तरंगू लागतो. नावावर टिचकी मारली की तिथे पडतो. हा मोडच आहे, झेरॉक्स स्टारवरचा तोच जुना. फक्त त्याला दोन बंधनं घातली. उचललेला फोटो कायम माऊसच्या टोकाशी, म्हणजे बाईंची नजर जिथे असणार तिथेच, मोठा दिसतो. आणि दहा सेकंद हालचाल झाली नाही तर तो आपणहून जागेवर परत जातो. एका फोटोनंतर अवस्था संपते, दुसऱ्या फोटोवर ती सांडत नाही. कोडच्या बाजूने हे सोपं होतं, कारण उचलणं आणि ठेवणं ही दोन फंक्शनं आधीच वेगळी लिहिलेली होती. कुठल्या घटनेने त्यांना हाक मारायची एवढंच बदललं. तुमच्या स्क्रिप्टमध्येही ती वेगळीच ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या वेब सुगमतेच्या २.२ आवृत्तीच्या नियमांत हेच आलं आहे की जे ओढून करता येतं ते न ओढताही करता आलं पाहिजे. तो नियम वेबसाठीचा, पण बोटं डेस्कटॉपवरही तीच असतात.

बाई सकाळी टिचकीने काम करायच्या आणि दुपारी, बोटं मोकळी झाली की ओढून. कुठलं चालू करायचं, कुठलं बंद, असं बटण मी ठेवलं नव्हतं. आठ पिक्सेलच्या आत सुटलं तर टिचकी, पुढे गेलं तर ओढणं, एवढं स्क्रिप्टला कळतं.

रॅस्किन यांना डिसेंबर २००४ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं कळलं आणि २६ फेब्रुवारी २००५ ला कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिका इथे, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते गेले. शेवटपर्यंत ते आर्ची नावाच्या एका लेखन-प्रणालीवर काम करत होते. तिच्यातही कळ दाबून धरून उडी मारायची तीच लीपची पद्धत होती. पुढे त्यांचा मुलगा अझा आणि त्याच्या सोबत्यांनी विंडोजसाठी एन्सो नावाचा छोटा प्रोग्राम काढला. त्यात त्यांनी कॅप्स लॉक ही कळ कामाला लावली होती. ती दाबून धरायची, आज्ञा टाईप करायची आणि बोट उचलायचं.